खिडकीतून फेकलेला कचरा कुणाच्या अंगावर पडतो?

(भुसावळ येथे रेल्वेतील सफाई कामगार, रुळांवर काम करणारे कर्मचारी आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन.)



आजच्या बैठकीसाठी मला विषय कळवला होता, 'गर्दीचा प्रवास आणि स्वच्छता'. या विषयावर कुणी बोलायला उभं राहिलं की पहिली पाच मिनिटं काय ऐकायला मिळणार, हे आपल्याला पाठ आहे. आपल्या लोकांना शिस्त नाही. नागरी भान नाही. सरकारी माल म्हणून वाटेल तशी घाण करतात. परदेशात बघा, रस्त्यावर कागदाचा कपटा सापडत नाही. सरकार एकटं काय काय करणार?

या सगळ्या बोलण्यात कचरा टाकणाऱ्याविषयी दहा वाक्यं असतात आणि उचलणाऱ्याविषयी एकही नसतं. जणू टाकलेला कचरा रात्री आपोआप विरघळतो आणि सकाळी डबा आपोआप स्वच्छ होऊन फलाटाला लागतो. इथे समोर बसलेल्या निम्म्या लोकांना माहीत आहे की तो कसा स्वच्छ होतो. यार्डात, पिट लाइनवर, रात्री दोन वाजता, ठेकेदाराच्या हजेरीवर.

मला आज एवढंच मांडायचं आहे. गाडीत कचरा टाकण्याची सवय एका खात्रीवर उभी आहे. 'उचलणारा आहे' ही ती खात्री. तो उचलणारा कोणत्या वस्तीतून येतो, त्याचं आडनाव साधारण काय असतं, हे कुणी न सांगताही सगळ्यांना ठाऊक असतं. ही खात्री या देशात जातीने दिलेली आहे. म्हणून डब्यातल्या कचऱ्याचा प्रश्न सफाई खात्याकडे ढकलून आपल्याला गप्प बसता येत नाही. तो जातिअंताच्या लढ्यातला प्रश्न आहे.

पहिला आक्षेप लगेच येतो, आणि तो प्रामाणिक आहे. लोक म्हणतात, गर्दी इतकी असते की माणूस करणार काय? मुंबईच्या लोकलमधून रोज सत्तर लाखांच्या वर लोक प्रवास करतात. तिथल्या गर्दीसाठी रेल्वेच्या भाषेत एक वेगळा शब्दच आहे, 'सुपर डेन्स क्रश लोड'. एक चौरस मीटर जागेत चौदा ते सोळा माणसं उभी. अशा डब्यात हातातला वडापावचा कागद घेऊन कुणी कचरापेटीपर्यंत जाईल, असं म्हणणारा माणूस लोकलमध्ये कधी चढलेलाच नसणार. लांबच्या गाडीच्या जनरल डब्यात तर दिवाळी-छटच्या दिवसांत माणसं शौचालयात बसून प्रवास करतात. तिथे कचरापेटी असलीच तरी तिच्यावर कुणीतरी बसलेलं असतं. कष्टकऱ्यांना असं कोंबून न्यायचं आणि वर त्यांना घाणेरडं म्हणायचं, हा दुहेरी अन्याय आहे. हे मी आधीच स्पष्ट करते, कारण पुढचं बोलणं गरीब प्रवाशावर ठपका ठेवण्यासाठी नाही.

पण गर्दी हेच कारण असतं, तर गर्दी नसेल तिथे कचरा नसायला हवा होता. जानेवारी २०२३ मध्ये वंदे भारत एक्स्प्रेसच्या डब्यातला एक फोटो देशभर फिरला. महागडं तिकीट, प्रत्येकाला राखीव आसन, उभा एकही प्रवासी नाही, आणि खाली सगळीकडे बाटल्या, प्लेटा, खाण्याची पाकिटं पसरलेली. त्या गाडीत कोण बसतं, हे मी सांगायला नको. शिकलेले, नोकरदार, परदेश पाहून आलेले. त्यांना कोपरा मारणारं शेजारी कुणी नव्हतं. तरी हात सैल सुटलाच.

त्यावर उपाय काय निघाला, तेही बघा. रेल्वेमंत्र्यांनी सांगितलं की विमानातल्यासारखी पद्धत आणा. म्हणजे सफाई कामगार मोठी पिशवी घेऊन आसनाआसनापाशी जाणार आणि प्रवासी बसल्या जागेवरून त्या पिशवीत कचरा टाकणार. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून वंदे भारत गाड्या चौदा मिनिटांत साफ करायची योजना सुरू झाली. जपानमध्ये बुलेट ट्रेन सात मिनिटांत साफ होते, त्यावरून ही कल्पना घेतली. वर्तमानपत्रांनी तिला चमत्कार म्हटलं. टाकणाऱ्याच्या सवयीला कुणी हात लावला नाही, उचलणाऱ्याच्या हाताचा वेग तेवढा वाढवला.

आता जपानचं नाव निघालंच आहे तर तिथलीच गोष्ट घेऊ, कारण आपल्याला सतत तिचा दाखला दिला जातो. मार्च १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायूचा हल्ला झाला. त्यानंतर सार्वजनिक जागांवरच्या कचरापेट्या मोठ्या प्रमाणात काढून टाकल्या गेल्या. लोक आपला कचरा पिशवीत घालून घरी नेऊ लागले. म्हणजे पेटी नसतानाही गाडी स्वच्छ राहू शकते. तिथल्या शाळांत मुलं पाळीपाळीने आपला वर्ग स्वतः झाडतात, कित्येक शाळांत शौचालयंसुद्धा. जपान हा काही स्वर्ग नाही. 'अशुद्ध' कामांशी जोडल्या गेलेल्या बुराकुमिन समाजाला तिथे पिढ्यान्‌पिढ्या भेदभाव सोसावा लागला आहे. पण निदान वर्ग झाडायची पाळी तिथे सगळ्या मुलांवर येते.

आपल्याकडे शाळा कोण झाडतं? २०२२ च्या शेवटी तमिळनाडूतल्या इरोड जिल्ह्यात दलित मुलांकडून शाळेची शौचालयं धुवून घेतल्याचं उघड झालं, मुख्याध्यापिकेला अटक झाली. वर्षभराने कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्यात निवासी शाळेतल्या मुलांना शौचटाकी साफ करायला लावल्याचं बाहेर आलं. झाडू कुणाच्या हातात द्यायचा हे आपली शाळा अशी शिकवते. आणि ज्या मुलांच्या हातात झाडू दिला जात नाही, तीही काहीतरी शिकतातच. ती शिकतात की हे आपलं काम नाही. तीच मुलं पुढे मोठी होऊन गाडीत बसतात.

या शिकवणीच्या मुळाशी आपल्या रोजच्या बोलण्यातले दोन शब्द आहेत, उष्टं आणि विटाळ. घर लखलखीत ठेवणारी माणसं दारातून केर बाहेर लोटून निर्धास्त कशी होतात? कारण ब्राह्मणी संस्कारात शुद्धी जपायची असते ती माझ्या देहाची, माझ्या चुलीची, माझ्या उंबऱ्याच्या आतल्या जागेची. उंबऱ्याबाहेरचं सगळं दुसऱ्याचं. उष्टं झालेलं अन्न, खरकटं पान लवकरात लवकर माझ्यापासून दूर जायला हवं. ते कुठे जाऊन पडतं आणि कोण उचलतं, याच्याशी मला देणंघेणं नाही. गावगाड्यात ते उष्टंच कष्टाचा मोबदला म्हणून खालच्या ठरवलेल्या जातींच्या पदरात टाकलं जायचं. ओमप्रकाश वाल्मीकि यांच्या आत्मकथेचं नावच 'जूठन' आहे. आज गाडीच्या खिडकीतून जेवणाची प्लेट बाहेर भिरकावली जाते तेव्हा तोच उंबरा गाडीला लागलेला असतो. माझं आसन म्हणजे माझं घर, आणि खिडकीबाहेर गाव संपलेलं.

खिडकीबाहेर कुणीच नसतं का? रुळांवर ट्रॅकमन असतो, जुन्या भाषेत गँगमन. तुमच्यापैकी कितीजणांच्या अंगावर धावत्या गाडीतून पाण्याची बाटली, गुटख्याची पिचकारी, उरलेली आमटी पडली आहे? हात वर करू नका, मला उत्तर माहीत आहे. आणि जैव-शौचालयं येईपर्यंत त्याहून काय पडायचं, तेही माहीत आहे.

त्या गोष्टीकडे जरा नीट बघू. देशात पहिली प्रवासी गाडी १८५३ मध्ये धावली. पुढे डब्यांत शौचालयं आली आणि त्यांतली विष्ठा थेट रुळांवर पडत राहिली, शंभरहून अधिक वर्षं. स्थानकातल्या रुळांवरची ती घाण झाडू, पाण्याचा पाइप आणि खराटा घेऊन माणसंच काढत. १९९३ मध्ये हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध पहिला कायदा झाला. वीस वर्षांनी, २०१३ मध्ये, दुसरा झाला. या दुसऱ्या कायद्याने रेल्वे रुळांवरचा मैला साफ करणाऱ्यालाही व्याख्येत घेतलं, हे चांगलं झालं. पण त्याच व्याख्येखाली एक स्पष्टीकरण जोडलं. सरकारने ठरवलेली साधनं आणि सुरक्षेचा पोशाख वापरून कुणी ते काम करत असेल, तर त्याला मैला साफ करणारा मानायचं नाही. रेल्वेच्या डब्यातल्या शौचालयासाठीही अशीच सूट दिली. हातमोजे घातले की प्रथा संपली! सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्यात रेल्वेने रुळांवरची ही प्रथा संपवण्यासाठी कालबद्ध धोरण आखावं, असं सांगावं लागलं. बेझवाडा विल्सन आणि त्यांचे साथी त्याआधी कितीतरी वर्षं हेच ओरडून सांगत होते.

पुढे संरक्षण संशोधन संस्थेसोबत विकसित केलेली जैव-शौचालयं आली. अडीच लाखांहून अधिक बसवली गेली. हा बदल खरा आहे आणि त्याचं स्वागत करायला आपण कचरू नये. तंत्रज्ञान आलं तर माणूस मैल्यातून बाहेर येऊ शकतो, हे त्यातून सिद्ध झालं. पण या बदलाची कारणं सांगताना रूळ आणि डब्याखालचं लोखंड गंजतं, हे कारण ठळकपणे मांडलं जायचं. लोखंडाची चिंता आधी, माणसाची नंतर. कोलकात्यात हावडा पुलाचंही हेच झालं. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पानाच्या पिचकाऱ्यांनी पुलाच्या लोखंडी आधारांच्या तळाची आवरणं काही वर्षांत निम्म्याने झिजली, अशी मोजणी झाली, बातम्या झाल्या. मग पोर्ट ट्रस्टने तिथे फायबरग्लासचं वेष्टण घातलं. मिलिमीटरमध्ये मोजलेलं लोखंड आपल्याला माहीत आहे. तीच थुंकी रोज पुसणाऱ्या माणसाच्या हातांची, फुप्फुसांची झीज कुणी मोजली?

जैव-शौचालयातही प्रवासी बाटल्या, कापड, सॅनिटरी पॅड, गुटख्याच्या पुड्या टाकतात. नळी तुंबते. तुंबलेली नळी मोकळी करायला खाली कोण वाकतं? यंत्र बदललं तरी माणूस तोच राहिला. सरकारच्याच आकड्यांवरून हे दिसतं. २०१३ आणि २०१८ च्या सर्वेक्षणांत देशात ५८,०९८ मैला साफ करणाऱ्यांची नोंद झाली. त्यांपैकी ४३,७९७ जणांच्या जातीची माहिती सरकारने संसदेत दिली. त्यात ४२,५९४ अनुसूचित जातींचे होते, म्हणजे शंभरातले सत्त्याण्णव. दिल्ली-उत्तर प्रदेशात वाल्मीकि, हेला. आंध्र-तेलंगणात मादिगा, रेल्ली. तमिळनाडूत अरुंधतियार. आपल्याकडे मेहतर, रुखी, आणि सोबत महार-मांग. भाषा बदलते, लिपी बदलते, झाडू धरणारा हात तोच राहतो. 'विविधतेत एकता' ती हीच का?

आता या भुसावळच्या मातीत उभं राहून एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. याच मार्गावर, इथून काही तासांवर मनमाड आहे. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी तिथे जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली, आणि अध्यक्ष होते बाबासाहेब. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यांनी तिथे सांगितलं, ते आपल्याला पाठ आहे. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतल्या नोकऱ्यांची जी फोड केली, ती आपण विसरतो. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. तो पोर्टरसुद्धा होऊ शकत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरी घरकाम करावं लागतं, आणि सवर्ण स्टेशनमास्तरच्या घरात त्याचा विटाळ होतो. कारखान्यात कुशल कारागीर म्हणूनही त्याला शिरू दिलं जात नाही. विटाळाची कल्पना पगारपत्रकापर्यंत कशी पोहोचते, ते बाबासाहेबांनी रेल्वेच्याच उदाहरणाने दाखवून दिलं. जात ही कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच विभागणी आहे, हा त्यांचा सिद्धान्त दोन वर्षं आधी, १९३६ मध्ये छापून आला होता. मनमाडला त्याचा पुरावा समोर बसला होता.

त्याला ८० हून अधिक वर्षं उलटली. आरक्षणामुळे आपली मुलं स्टेशनमास्तर झाली, लोको पायलट झाली, अधिकारी झाली. मग काय केलं गेलं? जिथे आपण आधीपासून होतो, ते सफाईचं काम नोकरीतूनच बाहेर काढलं. सफाईवाल्याची कायम जागा गेली आणि यांत्रिक सफाईचं कंत्राट आलं. कंत्राटात आरक्षण नाही, बढती नाही, क्वार्टर नाही, पास नाही. मात्र कामाला माणसं त्याच वस्त्यांतून येतात. कायम नोकरीत झाडूसोबत निदान पेन्शन होती. आता नुसता झाडू उरला.

कायद्याने यावर शिक्काही मारला आहे. २०२० ची व्यवसाय सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता आहे. आस्थापनेच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार ठेवायला ती मनाई करते. पण मुख्य काम म्हणजे काय, हे सांगताना ती काही कामं वगळते, आणि त्या यादीत पहिलंच नाव आहे सफाईचं. झाडणं, पुसणं, कचरा गोळा करणं आणि त्याची विल्हेवाट लावणं. आस्थापना सफाईसाठीच उभारलेली नसेल, तर हे मुख्य काम नाही. आता मला सांगा, रेल्वेची गाडी चार दिवस न झाडता चालवून दाखवा. कोण बसेल तिच्यात? ज्याच्यावाचून गाडी फलाटावरून हलू शकत नाही, ते काम मुख्य नाही म्हणे. पूर्वी उंबऱ्याबाहेर ठेवायचे, आता व्याख्येबाहेर ठेवतात.

याची किंमत माणसाच्या जिवाने मोजली जाते. तिरुवनंतपुरमच्या मुख्य रेल्वे स्थानकाखालून आमयिळंजान नावाचा एक नाला जातो. १३ जुलै २०२४ रोजी रेल्वेच्या ठेकेदाराने लावलेला एक कामगार त्या नाल्यातला कचरा काढायला उतरला. पाऊस झाला, पाणी वाढलं, तो वाहून गेला. शोध घेणाऱ्या जवानांना रुळांखालच्या बोगद्यात शिरता येईना, कारण आत प्लास्टिक आणि कचऱ्याचे थर साचलेले. यंत्रमानव आणून कचरा उपसावा लागला. तिसऱ्या दिवशी मृतदेह मिळाला. तो सापडण्याआधीच वाद सुरू झाला होता. रेल्वे म्हणत होती, कचरा शहरातून वाहत येतो. महापालिका म्हणत होती, रेल्वेच्या हद्दीतली जबाबदारी रेल्वेची. देशातल्या सर्वाधिक साक्षर राज्यांपैकी एकाची ती राजधानी आहे. तिथले प्रवासी शिकलेले, तिथले नागरिक शिकलेले. ती बाटली कुणी टाकली? सगळ्यांनीच टाकली आणि कुणीच टाकली नाही. नाल्यात उतरला मात्र एकच माणूस. माणूस शोधण्यासाठी यंत्र येऊ शकत होतं, तर माणूस उतरवण्याआधी का आलं नाही?

अशा वेळी आपल्याला सफाई कामगारांचा गौरव ऐकवला जातो. नोव्हेंबर १९३६ मध्ये गांधीजींनी 'हरिजन' पत्रात आदर्श भंगी कसा असावा, यावर लेख लिहिला. त्याने आपलं काम पवित्र कर्तव्य मानावं, अशी त्यातली अपेक्षा. त्याच काळात अनेक म्युनिसिपल कायद्यांत सफाई कामगाराने पूर्वसूचनेशिवाय काम सोडलं तर तुरुंगवासाची शिक्षा होती. म्हणजे एकीकडे पवित्र म्हणायचं आणि दुसरीकडे सोडलं तर तुरुंगात टाकायचं. बाबासाहेबांनी या कायद्यांकडे बोट दाखवलं आणि १९३५ मध्ये मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभा केला. एक पूजा करायला सांगत होता, दुसरा संघटना करायला. २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियान सुरू झालं तेही दिल्लीच्या वाल्मीकि वस्तीत झाडू मारून, आणि चिन्ह म्हणून गांधीजींचा चष्मा. ज्या वस्तीने पिढ्यान्‌पिढ्या सगळं शहर झाडलं, तिथेच झाडू न्यायचा? एखाद्या सवर्ण सोसायटीत जाऊन सगळ्यांना आपापला जिना झाडायला लावला असता, तर ती क्रांती झाली असती.

आपल्या मातीत दुसरा एक झाडूवाला होऊन गेला, गाडगेबाबा. परीट समाजात जन्मलेला हा माणूस गावात आला की आधी खराटा हातात घ्यायचा आणि रात्री कीर्तनात गावालाच खडसावायचा. घाण तुमची, मग हात तुमचेच लागले पाहिजेत. त्यांनी झाडूचं गुणगान कुण्या एका जातीला ऐकवलं नाही, त्यांनी तो सगळ्यांच्या हातात दिला. आपली परंपरा ही आहे.

आता एक कडू गोष्ट. आपलीही माणसं गाडीत कचरा टाकतात. दलित प्रवासीही खिडकीतून बाटली फेकतो, आणि ती दलित ट्रॅकमनच्या डोक्यात बसते. जात ही वरून खाली झिरपणारी व्यवस्था आहे. प्रत्येकाला आपल्या खाली कुणीतरी आहे असं वाटावं, हीच तिची रचना. शिकून वर आलेला आपला माणूस एसी डब्यात बसून खाली प्लेट सरकवतो, तेव्हा तो स्वतःच्या काकाच्या पाठीवर ओझं टाकत असतो.

आणि दरवर्षी ६ डिसेंबरला काय होतं, तेही आठवा. चैत्यभूमीला देशभरातून लाखो लोक येतात. त्या दिवसांत दादरच्या घाणीच्या आणि गाड्यांतल्या गर्दीच्या तक्रारी आवर्जून होतात. हाच कचरा कुंभमेळ्यात, गणपतीत पडला की तो श्रद्धेचा आणि व्यवस्थेवर ताण आणणारा, पण चैत्यभूमीला पडला की तो आमच्या संस्कृतीचा! या दुटप्पीपणाला उत्तर दिलंच पाहिजे. आपली तरुण मुलं-मुली त्या दिवशी हातात पिशव्या घेऊन स्वतः परिसर झाडतात, हे त्याचं अर्धं उत्तर आहे. उरलेलं अर्धं आपण गाडीतच द्यायचं. दीक्षाभूमीला किंवा चैत्यभूमीला जाणाऱ्या प्रत्येक जत्थ्याने आपल्या डब्यासाठी चार गोण्या सोबत घ्याव्यात, आणि उतरताना त्या भरलेल्या गोण्या फलाटावर कचरा जमा करण्याच्या जागी स्वतः नेऊन द्याव्यात. सवर्णांना दाखवण्यासाठी नव्हे. रात्री तो डबा झाडायला जी बाई येणार आहे, ती आपली आई आहे म्हणून.

पण केवळ एवढ्यावर थांबलो तर आपणही 'नागरी भान'वाल्यांच्या रांगेत जाऊन बसू. म्हणून काही मागण्या ठामपणे मांडते.

एक. रेल्वे, मेट्रो आणि एसटीमधल्या सफाई कामगारांची, कायम आणि कंत्राटी दोघांचीही, जातवार आकडेवारी जाहीर करा. सफाईत आता जात उरलेली नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी तरी ती मोजायला घाबरू नये.

दोन. २०१३ च्या कायद्यातलं ते पोशाखाचं स्पष्टीकरण आणि रेल्वेच्या डब्यांना दिलेली सूट काढून टाका.

तीन. सफाई हे रेल्वेचं मुख्य काम आहे हे कायद्यात मान्य करा आणि तिथे कायम भरती करा. आरक्षणासह करा, आणि बढतीची शिडी यंत्र चालवणाऱ्यापर्यंत, पर्यवेक्षकापर्यंत न्या. झाडू यंत्र झाला की तो चालवायला दुसराच कुणी येतो, हे आपण अनेक ठिकाणी पाहिलं आहे.

चार. जनरल डबे वाढवा. माणसाला माणसासारखं बसवा, मग त्याच्याकडून शिस्तीची अपेक्षा करा.

पाच. गुटख्याची पुडी, बाटली, वेष्टण जी कंपनी बनवते, तिच्याकडून रुळांवरच्या सफाईचा खर्च वसूल करा. गुटखा-तंबाखूसाठी प्लास्टिकच्या पुड्यांना २०१६ च्या नियमांत बंदी आहे. तरी खडीत काय सापडतं, ते ट्रॅकमनला विचारा.

सहा. रेल्वेत घाण करणाऱ्याला पाचशे रुपयांपर्यंत दंडाचा नियम २०१२ पासून आहे. डबा घाण दिसला तर ठेकेदारालाही दंड होतो. त्यातला कोणता दंड खरोखर वसूल होतो आणि तो शेवटी कुणाच्या पगारातून कापला जातो, हे इथे बसलेल्यांना वेगळं सांगायला नको. ही कपात बेकायदा ठरवा.

विद्यार्थ्यांना एक विनंती. घरी परतताना गाडीत कुणी कागद खाली टाकला तर त्याला 'शिस्त नाही का' असं विचारू नका. 'हा कोण उचलणार?' असं विचारा. एवढाच प्रश्न. समोरचा म्हणेल, आहेत ना माणसं. तेव्हा पुढचा प्रश्न विचारा, कोणती माणसं? तिथून पुढे जे बोलणं सुरू होईल, ते स्वच्छतेवरचं राहणार नाही, जातीवरचं होईल. ते होऊ द्या.

आणि कामगार साथींनो, तुम्ही हे काम सोडून जाण्याचं स्वप्न तुमच्या मुलांना दाखवता, ते बरोबरच आहे. पण जोवर हे काम करता आहात, तोवर संघटित व्हा. कायम आणि कंत्राटी एका युनियनमध्ये या. मनमाडच्या परिषदेने आपल्याला हेच शिकवलं होतं.

जयभीम.